परदेशी विद्यापीठ येईल, अभ्यासक्रमाचे काय?

जून 2025 मध्ये मुंबईत झालेल्या समारंभात ब्रिटनमधील यॉर्क आणि अ‍ॅबर्डीन, ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि डिझाइन शिकवणारी एक इटालियन संस्था यांना महाराष्ट्रात संकुल उघडण्याची इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबईच्या विमानतळाजवळ सिडको त्यांच्यासाठी ‘एज्युसिटी’ उभारणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये यासाठीचे नियम केले, त्याआधी 2021 मध्ये प्रत्येक विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय कक्ष स्थापन करावा अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आता कुलगुरूंच्या भाषणात, नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीच्या अहवालात आणि प्रवेशाच्या जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हमखास असते. परदेशी विद्यार्थी किती, सामंजस्य करार किती, पाहुणे प्राध्यापक किती, याचे तक्ते तयार होतात. या सगळ्या मोजदादीत एक प्रश्न कुणी विचारत नाही: आपल्या एखाद्या साध्या महाविद्यालयात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला जे शिकवले जाते आणि ज्यावर गुण दिले जातात, त्यात यामुळे काय बदलले? माझे म्हणणे असे की, आंतरराष्ट्रीयीकरणाची खरी कसोटी हाच प्रश्न आहे. तो सोडवण्याची जागा अभ्यास मंडळाच्या बैठकीत आणि त्यानंतर वर्गात आहे. ही गोष्ट आयुष्यभराच्या कामातून दाखवून देणाऱ्या एका प्राध्यापिकेची कारकीर्द महाराष्ट्राने या वळणावर बारकाईने पाहावी, म्हणून हा लेख.

बेटी लीस्क हे त्यांचे नाव. अ‍ॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ काम केले, पुढे मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात अध्यापन आणि अध्ययन या विभागाच्या प्र-कुलगुरू झाल्या आणि आज तिथल्याच मानद प्राध्यापिका आहेत. त्यांचे काम समजायचे तर ऑस्ट्रेलियाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. 1950 च्या दशकात कोलंबो योजनेखाली आशियातील विद्यार्थी शिष्यवृत्तीवर तिकडे जात. 1980 च्या दशकाच्या मध्यावर सरकारने धोरण बदलले आणि विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क घेण्याची मुभा दिली. तिथून पुढे शिक्षण हा त्या देशाच्या मोठ्या निर्यातींपैकी एक व्यवसाय झाला. कोविडच्या आधी तिथल्या उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांपैकी पाव हिस्सा, किंबहुना थोडे जास्तच, बाहेरच्या देशांतून आलेले होते. संख्येच्या निकषावर ऑस्ट्रेलियन विद्यापीठे जगातल्या सर्वाधिक आंतरराष्ट्रीय विद्यापीठांत गणली जात होती. नेमक्या याच काळात लीस्क विचारत होत्या की, शेजारी बसलेल्या या मुलांमुळे कोण काय शिकते आहे? साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने पदवीधराच्या अंगी असावेत असे सात गुण ठरवले होते. व्यावसायिक म्हणून आणि नागरिक म्हणून आंतरराष्ट्रीय दृष्टी दाखवता येणे, हा त्यांतला सातवा. कागदावर तो देखणा होता. पण गणित, परिचर्या, लेखाकर्म शिकवणाऱ्या प्राध्यापकाने तो सोमवारी सकाळच्या तासाला नेमका कसा शिकवायचा आणि परीक्षेत कसा तपासायचा, हे कुणाला सांगता येत नव्हते. 2001 च्या सुमारास लीस्क यांनी लिहायला सुरुवात केली ती या दरीबद्दल, आणि पुढची दोन दशके त्यांनी ती बुजवण्यात घालवली.

2010 मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय अध्यापन अधिछात्रवृत्ती मिळाली. त्यातून जे आकाराला आले ते 2015 च्या त्यांच्या पुस्तकात सविस्तर आहे. अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाची त्यांनी केलेली मांडणी मोठी काटेकोर आहे. आशयात जगाचा संदर्भ आणणे हा तिचा एक भाग झाला. विद्यार्थ्याला शेवटी काय आले पाहिजे, कोणत्या कामावर त्याला गुण मिळणार, शिकवण्याची पद्धत कोणती आणि त्याला आधार देणाऱ्या सेवा कोणत्या, या सगळ्यांत तो संदर्भ उतरला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शेवटच्या प्रकरणात ‘जागतिक संदर्भ’ नावाचा मुद्दा चिकटवून परीक्षेत त्यावर ‘थोडक्यात टिपा लिहा’ विचारण्याची सोय या व्याख्येत उरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम कुणी करायचे याचे उत्तर. लीस्क यांच्या चौकटीच्या केंद्रस्थानी ज्ञानशाखा आहे, म्हणजे तो विषय प्रत्यक्ष शिकवणारा प्राध्यापकांचा गट. आंतरराष्ट्रीय कक्षाचा संचालक किंवा बाहेरून आलेला सल्लागार हे काम करू शकत नाही, कारण पत्रकारितेत आंतरराष्ट्रीय म्हणजे काय आणि लेखाकर्मात आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, याची उत्तरे वेगळी आहेत. म्हणून त्या प्राध्यापकांच्या गटासोबत बसत आणि एका प्रश्नावलीच्या आधारे त्यांना आपल्याच अभ्यासक्रमाकडे बघायला लावत. प्रश्नावली गुणांकनासाठी नव्हती, चर्चेला तोंड फुटावे म्हणून होती. या विषयाच्या मुळाशी कोणती गृहीतके आहेत? ती कुठे, कोणत्या समाजात तयार झाली? दुसऱ्या समाजात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात का? गट आधी आहे ते तपासतो, मग वेगळे काय करता येईल याची मोकळी कल्पना करतो, मग दुरुस्ती आखतो, ती अमलात आणतो आणि शेवटी परिणाम जोखतो. वर्षभराचे, कधी त्याहून लांबलेले काम. त्यात छायाचित्र काढून वर्तमानपत्रात छापावे असे काहीच घडत नाही, आणि दुर्लक्ष होण्याचे ते एक कारण असावे.

परदेशी विद्यार्थी वर्गात आले की बाकी सारे आपोआप घडते, ही समजूत लीस्क यांनी ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाच्या जूड कॅरोल यांच्यासोबत 2011 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात खोडून काढली. विद्यापीठे नुसती इच्छा करतात आणि आशेवर राहतात, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र. ऑस्ट्रेलियात मुले एका वर्गात बसत, पण स्थानिक मुले स्थानिकांत आणि बाहेरची बाहेरच्यांत. गटकार्य दिले की ओळखीचे ओळखीच्यांना गाठत. मिश्र गट बळेच केले तर ज्याचे इंग्रजी सफाईदार तो सगळा अहवाल लिहून टाकी आणि इतरांची नावे खाली येत. मनात अढी घेऊन दोघेही बाहेर पडत. मेलबर्नमध्ये 2009 मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट उठली. हिंसेला विद्यापीठांचे वर्ग जबाबदार होते असे कुणी म्हणणार नाही. पण हजारो भारतीय मुले त्या शहरात वर्षानुवर्षे शिकत असूनही एकाकी राहत होती, ही गोष्ट तेव्हा ठळकपणे पुढे आली.

मग करायचे काय? लीस्क आणि कॅरोल यांचे उत्तर अध्यापकाच्या हातातल्या साध्या गोष्टींत आहे: कामाची आखणी, गटाची रचना, गुणांची वाटणी. ते पुण्याच्या संदर्भात मांडून पाहू. समजा, वाणिज्य शाखेच्या एका वर्गात नंदुरबारचा एक मुलगा आहे, पुण्याच्या मार्केट यार्डातील आडत्याची मुलगी आहे आणि शिष्यवृत्तीवर आलेला एक अफगाण विद्यार्थी आहे. ‘बँकिंगचे महत्त्व’ या विषयावर गटाने अहवाल लिहा, असे सांगितले तर तिघांतला एक जण पुस्तकातून उतरवून काढेल आणि बाकीचे सही करतील. तोच विषय असा दिला तर? आपापल्या गावातला लहान व्यापारी बँकेशिवाय उधारी कशी मिळवतो, जामीन कोण राहतो, पैसे बुडाले तर निवाडा कोण करतो, हे प्रत्येकाने घरी किंवा फोनवर विचारून आणायचे. तिन्ही पद्धती एका तक्त्यात मांडायच्या आणि पाठ्यपुस्तकातला पतपुरवठ्याचा सिद्धांत यांतल्या कोणत्या पद्धतीला लागू पडतो, कोणत्या ठिकाणी तोकडा पडतो, ते सांगायचे. आता अफगाण मुलाजवळ जी माहिती आहे ती इतर दोघांना इंटरनेटवर सहज मिळणार नाही. आडत्याच्या मुलीला पट्टी, तोलाई, उचल यांचा अर्थ समजावून सांगावा लागेल. नंदुरबारच्या मुलाला सावकाराच्या व्याजाचा हिशेब मांडावा लागेल. एकाने दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय काम पुरे होणार नाही अशी आखणी झाली. निम्मे गुण तक्त्याला आणि निम्मे प्रत्येकाने दुसऱ्याची पद्धत तोंडी समजावून सांगण्याला ठेवले, म्हणजे कुणाला नुसती सही करून सुटता येणार नाही. यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही आणि सामंजस्य करारही लागत नाही. लागतो तो नीट विचार करून तयार केलेला एक प्रश्न. वर्गात एकही परदेशी विद्यार्थी नसेल तरी नंदुरबार आणि मार्केट यार्ड यांच्यातले अंतर पुष्कळ आहे, तिथूनही आरंभ होऊ शकतो.

असे विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. आफ्रिका, पश्चिम आशिया, अफगाणिस्तान इथून मुले अनेक दशके इथे शिकायला येत आहेत. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी आजारी पडलेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याची आबाळ पाहिली आणि त्यातून 1971 मध्ये सिंबायोसिस या संस्थेची कल्पना रुजली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्याकडे परदेशी विद्यार्थ्याबद्दल आपुलकीची परंपरा आहे. पण ही आपुलकी बहुतेक वेळा वसतिगृह, जेवण आणि वर्षातून एकदा होणारा सांस्कृतिक महोत्सव यांत थांबली. आपापल्या देशाचा पोशाख घालून मुलांनी मंचावर यावे, टाळ्या घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. त्यांच्या असण्याने समाजशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अभ्यासक्रमात एखादी ओळही बदलली नाही, ही आपली उणीव आहे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मुलांना परदेशी पाठवा, ती जग बघून येतील. या आक्षेपाला आकडेच उत्तर देतात. जगात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी 25 कोटींहून अधिक आहेत, त्यांत दुसऱ्या देशात जाऊन शिकणारे 70 लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरातले तिघेसुद्धा पुरते नाहीत. युरोपात 1987 पासून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना आहे, अंतर कमी आहे, पैसा आहे. तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी 2009 मध्ये लूव्हेन इथे ठरवले की, 2020 पर्यंत निदान 20 टक्के पदवीधरांनी काही काळ परदेशात शिकलेले असावे. बहुतेक देशांना ते साधले नाही, आणि साधले असते तरी 80 टक्के मुले घरीच राहिली असती. स्वीडनच्या माल्मो शहरात 1998 मध्ये नवे विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याच्या आंतरराष्ट्रीय कामाची जबाबदारी बेंग्ट निल्सन यांच्याकडे आली. नव्या संस्थेकडे देवाणघेवाणीचे करार नव्हते. पण जहाजबांधणी बुडालेल्या त्या बंदरात जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहत होती. निल्सन यांनी 1999 मध्ये ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली ती या परिस्थितीतून. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षणाशी जोडलेला ‘नाइटिंगेल’ हा उपक्रम त्याआधी दोन वर्षे सुरू झालेला होता. त्यात विद्यापीठाचा विद्यार्थी स्थलांतरित वस्तीतल्या एका शाळकरी मुलाला किंवा मुलीला आठवड्यातून एकदा दोन-तीन तास भेटतो, असे महिनोन्‌महिने. मुलाला विद्यापीठाचे दार ओळखीचे होते आणि भावी शिक्षकाला आपल्याच शहरातले जग कळते. लीस्क यांचे काम आणि निल्सन यांची कल्पना पुढे जगभर हातात हात घालून चालली. परदेशी जाऊ न शकणारे बहुसंख्य विद्यार्थी हा दोघांचाही विषय होता.

संख्येवर उभे राहिलेले आंतरराष्ट्रीयीकरण किती नाजूक असते, तेही ऑस्ट्रेलियानेच दाखवले. मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाल्या आणि विद्यापीठांचे अर्थकारण कोलमडले. ऑगस्ट 2024 मध्ये, घरभाड्यावरून लोकांत असंतोष असताना, सरकारने 2025 साठी नव्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या 2,70,000 वर रोखण्याची घोषणा केली. त्यासाठीचे विधेयक पुढे अडले, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे तर संख्या मुळातच नगण्य. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात परदेशी विद्यार्थी 46,878 होते आणि एकूण विद्यार्थी सुमारे 4 कोटी 33 लाख. हजारात एक. उलट 2024 मध्ये परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी 13 लाखांहून अधिक होते. हे व्यस्त प्रमाण बदलावे असे सरकारला वाटणे स्वाभाविक आहे. पण हजारातला एक दोन झाला म्हणून उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णवांच्या शिक्षणात काय फरक पडेल? क्यूएस या जागतिक क्रमवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला 5 टक्के आणि परदेशी प्राध्यापकांच्या प्रमाणाला 5 टक्के भार आहे. आपल्या राष्ट्रीय क्रमवारीतही बाहेरच्या राज्यांतले आणि देशांतले विद्यार्थी मोजले जातात. नॅककडे करारांची यादी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीयीकरणामुळे अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे बदलले, हे मात्र यांपैकी कुणी थेट विचारत नाही. जे मोजले जाते त्यामागे संस्था धावतात, यात कुलगुरूंना दोष देण्याचे कारण नाही.

आणखी एक गंभीर आक्षेप आहे. आंतरराष्ट्रीय म्हणजे शेवटी पाश्चात्त्य, आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम म्हणजे इंग्रजीतून शिकवणे, अशी भीती मराठी माणसाला वाटते. ती निराधार नाही. जगभर अनेक विद्यापीठांनी हाच सोपा रस्ता धरला. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे इंग्रजीतून शिक्षण, या समजुतीला हान्स द विट या डच अभ्यासकाने 2011 मध्ये गैरसमजांच्या यादीत टाकले. लीस्क यांची चौकटही वेगळ्याच दिशेला नेते. ज्ञानशाखेत जो विचारप्रवाह प्रबळ आहे त्याच्याकडे संशयाने पाहा आणि बाजूला पडलेले विचार पुढे आणा, असे ती सांगते. वृत्तपत्राबद्दलची अँग्लो-अमेरिकन गृहीतके सगळ्या समाजांना जशीच्या तशी लागू आहेत का, हा प्रश्न पत्रकारितेच्या प्राध्यापकाने स्वतःला विचारावा, अशी ही दिशा. पण मराठी वाचकाला यासाठी ऑस्ट्रेलियाची साक्ष काढण्याची गरज नाही. महात्मा फुले कधी परदेशी गेले नाहीत. त्यांनी मानवी हक्कांचा पुरस्कर्ता थॉमस पेन वाचला आणि 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी इथल्या जातिव्यवस्थेकडे अटलांटिकपलीकडच्या अनुभवाच्या उजेडात पाहिले, आणि त्यातून जे लिहिले ते अस्सल मराठी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली. आपला प्रश्न दुसऱ्याच्या प्रश्नाशेजारी ठेवून तपासायची ही रीत महाराष्ट्राच्या विचारपरंपरेतच आहे. ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात का उतरली नाही, हा खरा प्रश्न आहे.

भाषेच्या शंकेला महर्षी कर्व्यांचे उदाहरण पुरे आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. टोकियोतली ती संस्था 1901 मध्ये सुरू झालेली. 1915 च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी तशी संस्था इथे असावी असे मांडले आणि 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उघडले. अध्यापनाचे माध्यम मातृभाषा ठेवले. स्वतः जपानला ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी गेले. जगाकडून घ्यायचे, पण आपल्या मुलींना कळेल अशा भाषेत आणि त्यांच्या गरजेनुसार घ्यायचे, याहून चांगला नमुना कोणता? आज नव्या शैक्षणिक धोरणानुसार भारतीय ज्ञान प्रणाली हा घटक पदवी अभ्यासक्रमात आला आहे आणि तो आंतरराष्ट्रीयीकरणाच्या विरोधात आहे असे पुष्कळ प्राध्यापक धरून चालतात. तसे मानण्याचे कारण नाही. खानदेशातील जलव्यवस्थापनाच्या फड पद्धतीचा अभ्यास मराठीतून करावा आणि स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पाणीवाटप न्यायालयाशी तिची तुलना करावी. दोन्हीकडे शेतकरीच पाण्याचा निवाडा करतात. असा तास एकाच वेळी भारतीयही असतो आणि आंतरराष्ट्रीयही.

काही जण मानतात की, परदेशी संकुले आली की स्पर्धेमुळे आपोआप दर्जा वाढेल. थोडाफार परिणाम होईलही. मात्र त्यांचे शुल्क आणि प्रवेशसंख्या पाहता ती राज्यातल्या लाखो पदवी विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येणार. दुसरे असे की, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार तिथली पदवी मूळ विद्यापीठाच्या पदवीच्या बरोबरीची हवी. म्हणजे मायदेशचाच अभ्यासक्रम इथे येण्याकडे कल राहणार. साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठ एकेकाळी हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियात मोठ्या प्रमाणावर शिकवत असे. तिकडे शिकवायला जाणाऱ्या प्राध्यापकांची तयारी कशी करावी, या प्रश्नावर लीस्क यांनी सहकाऱ्यांसह 2005 च्या सुमारास काम केले. अ‍ॅडलेडमध्ये तयार झालेला धडा हाँगकाँगच्या संध्याकाळच्या वर्गात तसाच चालत नाही, तिथल्या विद्यार्थ्याचा अनुभव आणि स्थानिक प्राध्यापकाचे ज्ञान अभ्यासक्रमात यावे लागते, हे त्या कामाचे गृहीत होते. यॉर्क किंवा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या विद्यापीठांना आपण हाच प्रश्न विचारायला हवा: तुमच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्र कुठे आहे? तो विचारायचा हक्क आपल्याला तेव्हाच येईल जेव्हा आपल्या अभ्यासक्रमात जग कुठे आहे, याचे उत्तर आपल्याकडे तयार असेल.

हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, आमच्याकडे प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या आहेत, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याला खोडून काढणारे उत्तर माझ्याकडे नाही. राज्यातील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका गावाहून दुसऱ्या गावी तास घेत फिरतात. त्यांना वर्षभराची खात्री नाही, अभ्यास मंडळात स्थान नाही, मानधनही वेळेवर नाही. अशा माणसाला तुमच्या विषयाच्या गृहीतकांवर वर्षभर चिंतन करा असे सांगणे क्रूर ठरेल. लीस्क यांनाही ऑस्ट्रेलियात आढळले की, प्राध्यापकांना कामाच्या तासांत या गोष्टीसाठी जागा नसणे आणि वरिष्ठांचा पाठिंबा कागदापुरता असणे, हे मोठे अडथळे आहेत. त्यामुळे पदभरती हा आंतरराष्ट्रीयीकरणाचाच भाग मानावा लागेल. एज्युसिटीच्या जमिनीसाठी आणि सुविधांसाठी सरकार जेवढी तत्परता दाखवते, तेवढी कायम प्राध्यापक नेमण्यात दाखवत नसेल, तर त्याच्या आंतरराष्ट्रीय धोरणावर विश्वास ठेवणे अवघड आहे. मात्र जागा भरेपर्यंत काहीच करू नये, असा याचा अर्थ होत नाही. पतपुरवठ्याचा तो प्रश्न तयार करायला एक अध्यापक आणि एक दुपार पुरते. तो अभ्यासक्रमात कायमचा यावा यासाठी मात्र मंडळाची बैठक लागते.

या विचाराची गरज किती व्यावहारिक आहे, हे नाशिकच्या द्राक्षांवरून कळते. 2010 मध्ये युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे सीसीसी या वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे अडकली. बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. युरोपात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. हा नियम ब्रसेल्समध्ये होतो आणि त्याचा फटका दिंडोरी, निफाडच्या शेतकऱ्याला बसतो. त्या तालुक्यांतल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हा अवशेष कसा मोजतात ते यायला हवे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो नियम कोण ठरवतो आणि कुणाच्या हिताचा ठरतो ते कळायला हवे, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यावर दाद कुठे मागायची ते माहीत हवे. यांतला एकही विषय परदेशी नाही आणि एकही निव्वळ स्थानिक नाही.

असे विषय अभ्यासक्रमात आणण्याची संधीही समोर आहे. संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झाले आणि अभ्यास मंडळांपुढे वर्षागणिक पुढच्या वर्षाचे अभ्यासक्रम येत राहतात. ते घाईत होतात, जुनी प्रकरणे नव्या श्रेयांकांच्या चौकटीत बसवली जातात आणि विद्या परिषद त्यांना मान्यता देते. राज्यातल्या एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाने वाणिज्य, पत्रकारिता आणि अर्थशास्त्र ही तीन मंडळे निवडावीत. प्रत्येक मंडळातील चार-पाच प्राध्यापकांना एका सत्रापुरता तासांचा भार कमी करून द्यावा, परदेशी विद्यार्थी आणि परिसरातले व्यावसायिक यांना चर्चेला बोलवावे आणि प्रत्येकी दोनच पेपरांचे आशय, स्वाध्याय आणि गुणदान नव्याने लिहून घ्यावे. तासिका तत्त्वावरचे शिक्षक त्यात मानधनासह सामील करावेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 अभ्यासक्रम सुचवण्याचे काम अभ्यास मंडळावर सोपवतो, तेव्हा यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सहा पेपर, एक सत्र, पंधरा प्राध्यापक. पुढच्या वर्षीच्या नॅकच्या अहवालात करारांच्या यादीखाली या सहा पेपरांच्या जुन्या आणि नव्या प्रश्नपत्रिका शेजारीशेजारी जोडाव्यात.